शिवणाचा पहिला वर्ग: शिकणारे का गळतात आणि वस्तूंचा क्रम कसा लावावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतःला चांगलं शिवता येतं म्हणून सहा नवशिक्यांचा वर्ग सुरू केला, आठवड्यातून एकदा, दोन तास. पहिली वस्तू रुमाल, दुसरी चेनचं पाऊच, तिसरी लहान मुलीचा फ्रॉक. तिसऱ्या-चौथ्या तासापर्यंत निम्मे यायचे थांबले. उरलेल्या तिघांपैकी एक जण खूप पुढे आहे, एक जण खूप मागे. शिवाय शिवलेल्या वस्तूंच्या कृती लिहून इतरांना पाठवल्या, तर वाचणारे ठरावीक पायऱ्यांवर अडतात आणि त्याच शंका पुन्हा विचारतात. काय बदलावं?

मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. ज्याचा हात बसला आहे त्याला स्वतःच्या पायऱ्या मोजता येत नाहीत. 'कड दुमडून टीप मारा' ही तुम्हाला एक पायरी वाटते, नवख्या माणसासाठी त्यात पाच असतात. रुमालच घ्या. दिसायला सोपा चौकोन, पण त्यात अर्ध्या सेंटीमीटरची दुहेरी दुमड आहे, कोपऱ्यावर कापडाचे अनेक थर एकावर एक येतात, टीप अगदी कडेपासून सुरू करावी लागते आणि तिथेच मशीनचे दाते कापड खाली ओढून घेतात. दुमड सरळ राहायला जी इस्त्री लागते, तीही अजून कुणी शिकवलेली नसते. असं चार वेळा करायचं. मग पाऊचमध्ये चेन, अस्तर आणि कापड उलटवणं एकदम येतं. फ्रॉकमध्ये गळा, चुण्या आणि अंगाचं माप. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला शिवण जमत नाही. खरं तर एका बैठकीत चार नव्या गोष्टी जमणं कुणालाच शक्य नसतं.

म्हणून वर्ग आखताना मी एकच नियम कडक पाळते: एका वस्तूत एकच नवी गोष्ट. बाकी सगळं आधीच्या वस्तूत येऊन गेलेलं असलं पाहिजे.

क्रम सांगण्याआधी, काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. पायमशीन असेल तर पहिला अर्धा तास फक्त पायाला द्या. चाकाच्या मधला स्क्रू सैल केला की चाक फिरतं पण सुई हलत नाही. त्या अवस्थेत पाय एकाच दिशेने, न अडखळता चालायला शिकवा. चाक उलटं फिरलं की दोरा अडकतो आणि तुटतो, नवख्यांचा सगळ्यात मोठा वैताग तोच. विजेच्या मशीनला वेग कमी ठेवायची कळ असेल तर ती सुरुवातीला निम्म्याच्या खाली लावून ठेवा. लहान मुलांचा वर्ग असेल तर आधी हातशिलाई, धावदोरा आणि बटण, मशीन त्यानंतर. आणि शिकणाऱ्यांना फक्त स्वतःचे कपडे शिवायचे असतील तर खालच्या क्रमातल्या एक-दोन वस्तू गाळता येतील. पहिल्या तीन मात्र गाळू नका.

पहिल्या तासाला कापडाआधी कागद. जुनी सुई लावा, कारण कागदाने सुईची धार जाते. दोरा ओवायचा नाही. वहीच्या रेघांच्या पानावर सरळ रेघ, मग पायऱ्यांसारखे काटकोन, मग बाहेरून आत जाणारा गोल. काटकोनावर सुई खाली ठेवून फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली. हे हाताला लागलं की पुढे प्रत्येक कोपरा सोपा जातो. नवखा माणूस सुईकडे बघत बसतो आणि टीप वाकडी जाते. नजर सुईवर नको, कापडाच्या कडेवर हवी. सुईपासून बरोबर १ सेंमी अंतरावर मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कड त्या पट्टीला घासत न्यायला सांगा. ही पट्टी पुढचे सहा-सात तास काढू नका.

त्यानंतर कापड. मध्यम जाडीचं, साध्या विणीचं सुती, धुऊन इस्त्री केलेलं. शक्य असेल तर विणलेल्या चौकड्यांचं घ्या, छापलेल्या नको. विणलेल्या चौकडीची रेघ म्हणजे कापडाचा उभा किंवा आडवा दोराच, त्यामुळे कापणं आणि दुमडणं सरळ आहे की नाही हे शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसतं. सॅटिन, जॉर्जेट आणि ताणलं जाणारं होजियरी सध्या लांब ठेवा. अशा मध्यम सुतीला १४ नंबरची सुई, म्हणजे पाकिटावर ९०/१४ लिहिलेली. पातळ सुतीला १२, जाड डेनिम किंवा कॅनव्हासला १६. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर.

वर लाल दोरा आणि बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या लहान रिळाला) निळा भरून पांढऱ्या दुहेरी कापडावर टीप मारायला लावा. टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. टीप बरोबर असेल तर वर फक्त लाल दिसतो, खाली फक्त निळा. खाली लाल फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे. वर निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलाय, किंवा खालचा दोरा बॉबिनच्या डबीच्या (केसच्या) पट्टीखाली बसलेला नाही. इथे एक सवय पक्की करा: टेन्शनचं बटण फिरवण्याआधी दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा, आणि तोही फूट वर असताना. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, आणि कापडाखाली गुंता होतो. खालचा गुंता पाहून माणूस बॉबिन तपासत बसतो, पण बहुतेक वेळा चूक वरच्या ओवण्यात असते. दोरा पुन्हा ओवूनही फरक पडला नाही, तरच बटण अर्ध्या आकड्याने फिरवायचं.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. सुई पूर्ण वर सरकवली नसेल, वाकलेली असेल किंवा उलटी बसली असेल तरी टाके सुटतात. मशीन कोणतंही असो, सुईवरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला आली पाहिजे. एवढं लक्षात ठेवलं तर चपटी बाजू डावीकडे की मागे, हा घोळ होत नाही.

आता वस्तू. पहिली, टाचण्या टोचायची चौकोनी उशी. १२ × १२ सेंमीचे दोन तुकडे, १ सेंमी माया (टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड), तयार माप १०. नवी गोष्ट फक्त कोपरा. सुलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, टीप मारताना एका बाजूच्या मध्यभागी ६ सेंमी जागा उलटवण्यासाठी सोडायची. ही जागा कोपऱ्याजवळ ठेवली की कोपरा कधीच टोकदार निघत नाही. कोपऱ्याची माया तिरकी कापायची, टिपेपासून २ मिलिमीटर सोडून. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं ८-१० सेंमी लांब ठेवून मागे धरायची, तीन-चार टाके पुढे, तितकेच मागे. थांबताना दोरा ओढणारा दांडा पूर्ण वर आला आहे ना ते बघायचं, नाहीतर पुढच्या सुरुवातीलाच दोरा सुईतून निसटतो. वस्तू लहान आहे, त्याच दिवशी पूर्ण होते, आणि पुढच्या प्रत्येक तासाला वापरात येते.

दुसरी, नाडीची थैली. नवी गोष्ट नेफा, म्हणजे नाडी ओवायची दुमड. २२ × ६२ सेंमीचा एक तुकडा मध्यावर दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या, पण वरून ७ सेंमी मोकळे सोडून. त्या मोकळ्या जागेची माया आत दुमडून चिरेभोवती टीप मारायची. मग वरची कड आधी १ सेंमी, नंतर अडीच सेंमी दुमडून नेफ्याची टीप. तयार थैली २० सेंमी रुंद, साडेसत्तावीस उंच. नाड्या दोन, प्रत्येकी ७० सेंमीच्या, समोरासमोरच्या चिरांतून ओवलेल्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाजूची टीप वरपर्यंत नेणं. म्हणून मशीनवर बसण्याआधीच खडूने आडवी खूण करून घ्या आणि तिथे 'थांबा' असं लिहायला लावा. इस्त्रीचं महत्त्वही याच वस्तूत कळतं. इस्त्री केलेला नेफा आणि टाचण्यांवर धरलेला नेफा शेजारी ठेवून दाखवा.

तिसरी वस्तू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मागे एकावर एक येणाऱ्या दोन भागांचा अभ्रा. नवी गोष्ट म्हणजे मोजून कापणं. पहिल्या दोन वस्तूंचे तुकडे तुम्ही कापून द्या. नवखा माणूस कापताना चुकतो, चूक शिवताना दिसते, आणि तो शिवणाला दोष देतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या की चूक कुठली ते त्याला ओळखता येतं. ४० सेंमीच्या उशीसाठी पुढचा तुकडा ४२ × ४२, मागचे दोन ४२ × २८. मागच्या प्रत्येकाची एक लांब कड आधी १ आणि मग २ सेंमी दुमडली की २५ उरतात. २५ आणि २५ मिळून ५०, त्यातून ४२ वजा, म्हणजे ८ सेंमी एकावर एक. हा हिशोब फळ्यावर करा आणि मग विचारा: उशी ३० ची असेल तर? ज्याला हे मांडता आलं, तो पुढे कुठलीही वस्तू स्वतः आखू शकतो. उभा दोरा किनारीला समांतर असतो, तुकडे त्याच दिशेने कापायचे, हेही इथेच सांगा. तिरका कापलेला मागचा भाग ताणला जातो आणि उशी तोंडाशी उघडी पडते.

चौथी, तळ असलेली पिशवी. नवी गोष्ट तळाचे कोपरे. बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून कोपऱ्याचा त्रिकोण करायचा, शिवणीला काटकोनात १० सेंमी लांबीची रेघ आखून तीवर टीप मारायची. तळ १० सेंमी रुंद होतो. दोन शिवणी जुळल्या नाहीत तर पिशवी पिळल्यासारखी उभी राहते. एका शिवणीची माया उजवीकडे आणि दुसरीची डावीकडे वळवली की त्या एकमेकींत अडकतात, बोटांनाही जाणवतात. पट्ट्यांसाठी १० सेंमी रुंद पट्टी चौपदरी करून अडीचची होते. पट्टी जोडताना थर इतके वाढतात की फूट पुढून वर उचलला जातो आणि टाके बारीक पडून मशीन जागच्या जागी अडतं. १६ नंबरची सुई लावा आणि फूटच्या मागच्या भागाखाली घडी केलेला चिंधीचा तुकडा सरकवा, फूट सपाट झाला की मशीन आपोआप पुढे जातं. हातचाक नेहमी स्वतःकडेच फिरवायचं.

यानंतर एप्रन आणि उरेब, म्हणजे कडेला लावायची तिरकी कापलेली पट्टी. पट्टी ४५ अंशांत कापलेली, ४ सेंमी रुंद, चौपदरी होऊन १ सेंमी. आत वळणाऱ्या गोलाईवर पट्टी किंचित ताणायची, बाहेर वळणाऱ्या गोलाईवर सैल सोडायची. सगळीकडे सारखी ताणली की कड आत गोळा होते. मगच चेनचं पाऊच. चेन हवी त्यापेक्षा २-३ सेंमी लांब घ्या, टाचण्यांऐवजी चिकटपट्टीने धरा, रनर (चेन उघडणारी सरकती कळ) फूटजवळ आला की सुई खाली ठेवून फूट उचला आणि रनर मागे सरकवा. शेवटची शिवण घालण्याआधी चेन अर्धी उघडी आहे ना ते बघा, नाहीतर पाऊच उलटवताच येत नाही. आणि पहिला कपडा म्हणजे इलॅस्टिकचा पायजमा. त्यात एकच अवघड जागा आहे, आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात ती गोलाई. आधी प्रत्येक पायाची आतली शिवण वेगवेगळी घालायची, मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट पायाच्या आत घालायचा, म्हणजे सुलट बाजू समोरासमोर येतात, आणि आसनाची गोलाई एका सलग टिपेत शिवायची. त्या टिपेवर दुसरी टीप मारा, बसताना सगळा ताण तिथेच येतो.

आता वर्गातल्या वेगाबद्दल. तुम्हाला एखादी वस्तू करायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट नवख्याला लागतो, असा ठोकताळा धरा. दोन तासांतला प्रत्यक्ष मशीनवरचा वेळ सव्वा तासाच्या वर जात नाही. बाकीचा ओवण्यात, उसवण्यात आणि इस्त्रीची वाट बघण्यात जातो. सहा जणांत एकच इस्त्री असेल तर मशीन कितीही असली तरी रांग लागणारच. म्हणून सगळ्यांना एकाच पायरीवर ठेवू नका. तिघे शिवत असताना तिघे आखत-कापत असतील असं बघा आणि २५ मिनिटांनी अदलाबदल करा.

जो पुढे गेलाय त्याला पुढची वस्तू देऊ नका. त्याच वस्तूत भर घालायला सांगा: थैलीला अस्तर, अभ्र्याला कडेची पायपिंग, पिशवीला आतला खिसा. असं केलं की वर्ग एकाच वस्तूवर राहतो, तुमचं समजावणं सहा वेळा वेगळं होत नाही, आणि मागच्याला आपण मागे आहोत हे दर मिनिटाला जाणवत नाही. मागे राहणारा बहुतेक वेळा उसवण्यात वेळ घालवत असतो. त्याला काय उसवायचं आणि काय नाही, हे स्पष्ट सांगा. शिवण मायेत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आत-बाहेर गेली असेल, किंवा त्या चुकीमुळे पुढचा तुकडा जुळणार नसेल, तर उसवायचं. नाहीतर पुढे चला. उसवताना एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढायचा. दोन तुकड्यांमध्ये सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार) घालून सरसर ओढला की कापड फाटतं.

मला फार आग्रहाने सांगावंसं वाटतं ते असं: शिकणाऱ्याचं काम त्याच्या हातातून घेऊन स्वतः पूर्ण करून देऊ नका. अडलेली जागा तुमच्या चिंधीवर करून दाखवा, मग त्याला त्याच्या कापडावर करू द्या. तुम्ही सरळ करून दिलेली शिवण पाहून तो खूश होतो, पण घरी एकटा बसला की तिथेच अडतो आणि पुढच्या तासाला येत नाही. मुद्दाम बिघडवलेले नमुने एका पुठ्ठ्यावर लावून ठेवा: सैल दोरा, सुटलेले टाके, ताणलेली उरेब, न कापलेला कोपरा. प्रत्येकाखाली कारण आणि उपाय. अडलेला माणूस आधी पुठ्ठ्याकडे जातो, तुमच्याकडे नंतर.

लिहिलेल्या कृतींकडे वळू. वाचणारे ठरावीक ठिकाणी अडतात त्याचं कारण तेच, एका ओळीत तीन पायऱ्या. कृतीच्या सुरुवातीला तयार वस्तूचं माप, कापडाचा प्रकार आणि पन्हा (कापडाची रुंदी), सुई, टाक्याची लांबी द्या. आणि माया मापात धरलेली आहे की वाचणाऱ्याने वेगळी सोडायची, हे ठळक लिहा. सगळ्यात जास्त कापड याच एका गैरसमजामुळे वाया जातं. इंच किंवा सेंटीमीटर, एकच काय ते धरा. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी. तो अडीच धरला तर ४० इंचांवर १.६ सेंमीचा फरक पडतो, आणि तेवढ्याने अभ्रा उशीला बसत नाही.

प्रत्येक पायरीत एकच क्रिया लिहा आणि ती झाल्यावर काय दिसलं पाहिजे तेही लिहा. 'आता चेनची सुलट बाजू तुम्हाला दिसत नाही, अस्तर वर आहे' असं एक वाक्य वाचणाऱ्याला चूक लगेच पकडू देतं. 'नीट शिवा', 'थोडं दुमडा' असे शब्द काढून टाका, आकडे घाला. फोटोसाठी एका बाजूने छापील आणि दुसऱ्या बाजूने फिकं दिसणारं कापड वापरा, म्हणजे सुलट-उलट शब्दांशिवाय कळतं. दोरा कापडाच्या विरुद्ध रंगाचा घ्या. कामाच्या वस्तूसाठी तो चांगला दिसणार नाही, पण फोटोत टीप दिसलीच पाहिजे. म्हणून फोटोसाठी वेगळा नमुना शिवा.

छापून घ्यायचा नमुना देत असाल तर त्यावर ५ × ५ सेंमीचा चौकोन काढा आणि छापल्यावर आधी तो पट्टीने मोजायला सांगा. छपाई 'पानात बसवा' या पर्यायावर असेल तर सगळा नमुना लहान होतो आणि शिवून झाल्यावरच कळतं. उभ्या दोऱ्याचा बाण, दुमडीची रेघ, जुळवायच्या खुणा प्रत्येक तुकड्यावर असू द्या. आखणी दुसऱ्या कुणाच्या नमुन्यावरून घेतली असेल तर ते नावासह लिहा, आणि त्यांचा नमुना जसाच्या तसा वाटू नका. मग कृती अशा माणसाला द्या ज्याने ती वस्तू तुमच्याकडे शिवताना पाहिलेली नाही. शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबतो किंवा मागचं पान उलटतो, ती जागा लिहून घ्या. दुरुस्ती तिथे हवी.

तुमच्या राहिलेल्या तिघांपुरतं सांगायचं तर अर्धवट फ्रॉक आत्ता पुढे रेटू नका. तुकडे इस्त्री करून, प्रत्येकाच्या नावासह पिशवीत घालून बाजूला ठेवा. कोपरे त्यांनी रुमाल आणि पाऊचमध्ये केलेच आहेत, म्हणून टाचण्यांची उशी सोडून पुढचे दोन तास नाडीची थैली आणि अभ्रा घ्या, मग एप्रनची उरेब. उरेब हाताला बसली की फ्रॉकचा गळा काढा. चुण्यांसाठी टाका ४ मिलिमीटरचा करून १ सेंमी मायेच्या आत, कडेपासून ४ आणि ८ मिलिमीटरवर दोन समांतर टिपा मारायला सांगा, एक नाही. एकाच टिपेचा दोरा तुटला की सगळ्या चुण्या सुटतात. गळालेल्या तिघांनाही थैलीच्या तासाला बोलवा. त्यांनी मागे पडल्याची भरपाई करायची नाही, सगळे त्याच वस्तूपासून सुरू करणार आहेत, हे आधीच कळवा.